मोजलेले आणि भरलेले



म्हैसूरमध्ये नकाशाविषयी बोलायचे तर सुरुवात टिपू सुलतानाच्या पाडावापासून करावी लागते, त्याला इलाज नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि कंपनी सरकारच्या हाती एक मोठा मुलूख आला. त्याचा धड नकाशा मात्र कोणाकडेच नव्हता. पुढच्या वर्षी दोन माणसे दोन वेगळ्या वाटांनी कामाला लागली. कॉलिन मॅकेन्झी गावे, तळी, कालवे, देवळे, शिलालेख असे जे दिसेल ते टिपत म्हैसूर राज्याची पाहणी करू लागला. हाच पुढे १८१५ मध्ये भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. दुसरा विल्यम लॅम्बटन. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात रात्रीच्या अंधारात पलटण चालली असताना त्याने ताऱ्यांकडे पाहून सेनापतीला सांगितले, की आपण दक्षिणेला नव्हे, उत्तरेला, म्हणजे थेट शत्रूच्या दिशेने निघालो आहोत. ही गोष्ट त्याच्या चरित्रात नेहमी येते. माणूस कसा होता हे तिच्यातून कळते: सगळे चालत असताना वर बघणारा.

लॅम्बटनने या पठारावरून द्वीपकल्प त्रिकोणांनी बांधून काढण्याचा प्रस्ताव दिला. आर्थर वेलस्लीने तो उचलून धरला आणि १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासला सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची बेसलाइन, म्हणजे त्रिकोणांची पायाभूत रेषा, शंभर फुटी पोलादी साखळीने मोजण्याचे काम सुरू झाले. तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत मंडळी बंगळूरपर्यंत आली. इथे लॅम्बटनच्या माणसांनी जे केले, त्यासाठीच मी तुम्हाला दोनशे वर्षे मागे नेले.

बंगळूरजवळच्या एका सरळ रेषेची लांबी त्रिकोणांच्या हिशेबातून आधीच हाती आली होती. कागदावर आकडा होता आणि काम पुढे नेता आले असते. तरीही १८०४ मध्ये तीच सुमारे सात मैलांची रेषा जमिनीवर, साखळी टाकून, नव्याने मोजली गेली. हिशेबाची लांबी आणि मोजलेली लांबी यांत फरक निघाला चार इंचांहून कमी. मद्रासहून दीडशेहून अधिक मैलांवर, शेकडो कोन मोजून, दरम्यान डोंगर-नद्या ओलांडून.

त्या चार इंचांचे कौतुक सगळेच करतात. मला कौतुक वाटते ते साखळी पुन्हा बाहेर काढण्याच्या निर्णयाचे. जे गणिताने मिळाले आहे ते मुद्दाम मोजून पाहायचे आणि फरक किती पडला ते लिहून ठेवायचे, याला ते पडताळ्याची बेसलाइन म्हणत. आज घरोघरी संगणकावर नकाशे निघतात आणि त्यांत लाखो आकडे गणिताने भरलेले असतात. हे नकाशे काढणाऱ्यांतले किती जण हा पडताळा घेतात? माझ्या माहितीतले फार थोडे.

आता ‘गणिताने भरलेले’ म्हणजे काय ते सांगतो. पाऊस, जमिनीची उंची, विहिरीतली पाण्याची पातळी, मातीतला क्षार, यांतले काहीही आपण सगळीकडे मोजू शकत नाही. मोजतो ते काही ठिकाणी. नकाशाला मात्र सगळीकडचे आकडे हवे असतात. म्हणून सॉफ्टवेअर त्या प्रदेशावर सारख्या चौकोनांचे जाळे टाकते, त्याला आपण ग्रिड म्हणू, आणि प्रत्येक खणात एक आकडा बसवते. तुमच्या दारात रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी निघते. तिथे ठिपके आधी सारख्या अंतरावर पडतात आणि मग रेषा. मोजमापांच्या जगात ठिपके असे शहाण्यासारखे पडत नाहीत. पर्जन्यमापक बसतो तालुका कचेरीच्या आवारात, कारण वाचायला माणूस तिथे असतो. बोअर घेतली जाते जिथे रिग जाऊ शकते तिथे. जंगलात, कड्यावर, वादातल्या जमिनीवर ठिपकाच नसतो. या वेड्यावाकड्या ठिपक्यांवरून सारख्या ठिपक्यांचे आकडे ठरवणे, हे ग्रिडिंग.

आणि सॉफ्टवेअर कधीही नाही म्हणत नाही. तीन केंद्रांवरून सगळ्या जिल्ह्याचा रंगीत नकाशा मागा, ते देईल. तीनशे केंद्रांवरून मागा, तसाच देईल. दोन्ही नकाशांची रंगसंगती सारखीच सुंदर असेल आणि समोच्च रेषा सारख्याच डौलदार.

२६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. दोन केंद्रांतले अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. आता समजा, मुंबईत ही दोनच केंद्रे आहेत आणि मधल्या दादर-परळचा पाऊस संगणकाला विचारला. साधी पद्धत सांगेल पाचशेच्या आसपास. हा आकडा कोणी मोजलेला नाही. तो दोन सत्यांची सरासरी आहे. त्या दिवशीचा ढग सरासरीने बरसला नव्हता, तो उपनगरांवर ठाण मांडून बसला होता.

त्याच नोंदीत आणखी एक बारीक खोच आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेवर चढतो. म्हणून मुंबईकर ज्याला सव्वीस जुलै म्हणतात तो पाऊस हवामान खात्याच्या वहीत २७ जुलैचा आहे. उपग्रहावरून काढलेल्या पावसाचा दिवस बहुधा ग्रीनिचच्या मध्यरात्री बदलतो. ही दोन ग्रिड तारखेला तारीख लावून ताडून पाहणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. जुळत नाही म्हणून ते उपग्रहाला दोष देतात, क्वचित खात्याला. घड्याळाकडे कोणी बघत नाही. सूत्र सुधारण्याआधी सुधारायच्या गोष्टी या अशा असतात आणि त्या सुधारल्या तर फायदा कोणत्याही नव्या पद्धतीपेक्षा जास्त होतो.

आता आपल्या अंगणात येऊ. म्हैसूरला वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथून पश्चिमेला सुमारे १२० किलोमीटरवर मडिकेरी, तिथे तीन हजारांच्या वर. आणखी पुढे कावेरीच्या उगमाकडे भागमंडलाला पाच हजारांच्या वर. हे तीनच ठिपके हातात असले तर म्हैसूर-मडिकेरीच्या मध्यावर संगणक दोन हजार मिलिमीटर दाखवेल. तिथे आहे काय? पिरियापट्टणच्या आसपासचा तंबाखूचा मुलूख. तिथला खरा पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी. पाऊस म्हैसूरपासून मडिकेरीपर्यंत हळूहळू वाढत जात नाही. हुणसूर ओलांडले तरी तो फारसा बदलत नाही. मग घाटाची चढण लागते आणि तो एकदम उसळतो. सरळ रेषेने भरलेल्या नकाशात तंबाखूचा शेतकरी भातशेतीच्या पट्ट्यात जाऊन बसतो.

महाराष्ट्रात हेच वाई-महाबळेश्वरला. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या घरात आणि डोंगर उतरून वाईत आलात की हजाराच्या आत. यावर हुशार माणूस म्हणतो, उंचीचा आधार घ्या. जितके उंच तितका पाऊस जास्त, म्हणजे रिकाम्या खणांत आकडे बसवताना नेम चुकणार नाही. कल्पना चांगली आहे आणि पुष्कळदा उपयोगीही पडते. पण पाचगणी महाबळेश्वरपासून वीस किलोमीटरच्याही आत, उंचीला जेमतेम शंभर मीटरने कमी, आणि पाऊस मात्र निम्म्याहून कितीतरी कमी. ढग अरबी समुद्रावरून येतात आणि पहिल्या कड्यावर रिते होतात. सॉफ्टवेअरला उंची कळते. कडा वाऱ्याच्या कोणत्या अंगाला आहे ते आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

ते सांगण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. सह्याद्री दक्षिणोत्तर पसरलेला आहे, म्हणून दक्षिणोत्तर शंभर किलोमीटरवरची दोन ठिकाणे पावसाच्या बाबतीत सख्खी आणि पूर्व-पश्चिम तीस किलोमीटरवरची परकी. साधे सॉफ्टवेअर कोणत्याही खणाभोवती वर्तुळ काढून सगळ्या दिशांची केंद्रे समान मानते. त्या वर्तुळाचे लंबवर्तुळ करून ते डोंगररांगेच्या दिशेने लांबवले आणि आडवे चिमटले तर नकाशा एकदम भूगोलासारखा दिसू लागतो. घाटमाथ्यावर भंगरेषा, म्हणजे अंदाजाने ओलांडायची नाही अशी रेषा, आखून दिली तर कोकणचा पाऊस पठारावर सांडत नाही. दोन्ही कामे दहा-पंधरा मिनिटांची. मात्र ती करण्यासाठी प्रदेश माहीत असावा लागतो, आणि मूळ निवडी तशाच ठेवून ‘ओके’ दाबणाऱ्याला तो माहीत असण्याची गरज पडत नाही.

पद्धतींविषयी थोडे बोलतो. गणिताची भीती बाळगू नका. सगळ्यात सोपी पद्धत जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी. डोनाल्ड शेपर्ड याने १९६८ मध्ये तिला नीट रूप दिले, आणि तेव्हा तो हार्वर्डमध्ये अजून पदवीचे शिक्षण घेत होता. तिची खोड अशी, की प्रत्येक केंद्राभोवती बैलाच्या डोळ्यासारखी गोल वर्तुळे उठतात. नकाशात अशी वर्तुळे दिसली की समजावे, इथे पाऊस दिसत नाही, केंद्रांच्या जागा दिसताहेत. दुसरी पद्धत सोन्याच्या खाणीतून आली. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खाणींत डॅनी क्रिगे नावाचा अभियंता होता. त्याच्या ध्यानात आले, की बोअरमधले मूठभर नमुने चांगले निघाले की सगळा खडक तितकाच सोनेरी मानला जातो आणि खणल्यावर निराशा होते. १९५१ मध्ये त्याने यावर संख्याशास्त्राचा उतारा मांडला. पुढे फ्रान्समध्ये जॉर्ज मातेराँने त्याला शास्त्राचे रूप देऊन क्रिगिंग हे नाव दिले. कोलारच्या सोन्यासाठी शिवनसमुद्रहून १९०२ मध्ये वीज पोचवणाऱ्या या राज्यात ही गोष्ट सांगायला मला विशेष आनंद होतो.

क्रिगिंगचा गाभा असा. आधी मोजमापांनाच विचारा, की तुम्ही किती अंतरापर्यंत एकमेकांची ओळख ठेवता? सगळ्या जोड्या घ्या, प्रत्येक जोडीतला फरक अंतरासमोर मांडा. जवळच्या जोड्यांत फरक कमी, लांबच्यांत जास्त, आणि एका अंतरानंतर तो वाढायचा थांबतो. त्यापलीकडचे केंद्र तुमच्या खणाविषयी काहीच सांगू शकत नाही. हा आलेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय क्रिगिंग चालवणे म्हणजे नुसते भारी नाव वापरणे, आणि बहुतेक ठिकाणी तेच चालते. या पद्धतीचा खरा मोठेपणा दुसराच आहे. ती प्रत्येक खणासाठी दोन आकडे देते, एक अंदाज आणि दुसरा त्या अंदाजातली अनिश्चितता. दुसरा नकाशा कोणी छापत नाही. छापला तर नकाशाचा अर्धा भाग करडा दिसेल आणि साहेब विचारतील, हे काय?

पुण्याच्या हवामान खात्याने याच प्रश्नांशी केलेली झटापट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. २००६ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी देशभराच्या रोजच्या पावसाचे एक अंश बाय एक अंशाचे ग्रिड प्रसिद्ध केले. त्यासाठी १८०३ केंद्रे निवडली. निकष हा, की १९५१ ते २००३ या काळातल्या किमान नव्वद टक्के नोंदी हव्यात. मग २०१४ मध्ये पाव अंशाचे ग्रिड आले, १९०१ पासूनचे, आणि त्यात ६९५५ केंद्रे. पद्धत दोन्हींत शेपर्डचीच. पाव अंशाचा खण म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण साडेसातशे चौरस किलोमीटर. पहिल्या दृष्टीला दुसरे ग्रिड अर्थातच अधिक अचूक. केंद्रे जवळजवळ चौपट, खण लहान, घाटाची धार स्पष्ट. एखाद्या दिवशीचा पाऊस पाहायचा असेल तर निश्चितच. पण ही ६९५५ केंद्रे रोज हजर नव्हती. काही मागाहून उघडली, काही बंद पडली, काहींच्या नोंदी मध्येच तुटल्या. समजा, एखाद्या खणात १९३० मध्ये घाटमाथ्यावरचे केंद्र होते आणि १९९० मध्ये पायथ्याचे. ग्रिड सांगेल, इथला पाऊस घटला. आभाळ तेच आहे, कचेरी बदलली. म्हणून शंभर वर्षांतला कल शोधायचा असेल तर विरळ पण स्थिर जाळे बरे आणि एका वादळाचा नकाशा हवा असेल तर दाट पण बदलते. अचूकता हा ग्रिडचा अंगभूत गुण नाही. कोणत्या प्रश्नासाठी, हे आधी विचारावे लागते. वर्तमानपत्रांत येणारे ‘अमुक जिल्ह्यात पाऊस शतकात इतका कमी झाला’ असले नकाशे मी याच शंकेने वाचतो.

आणि या ग्रिडचे आकडे खणाच्या मध्यबिंदूचे मानायचे, की खालच्या डाव्या कोपऱ्याचे? सॉफ्टवेअर विचारत नाही, ठरवून टाकते. चुकीचे ठरवले तर सगळा देश अर्ध्या खणाने सरकतो. पाव अंशाच्या ग्रिडमध्ये अर्धा खण म्हणजे चौदा किलोमीटर. तेवढ्यात श्रीरंगपट्टणचा पाऊस म्हैसूरच्या खात्यावर पडतो.

खण लहान केल्याने नकाशा अचूक होतो, हा आपल्या क्षेत्रातला सगळ्यात चिवट गैरसमज आहे. वीस किलोमीटरला एक केंद्र असताना शंभर मीटरचा खण मागितला तर मिळेल. फाइल फुगेल, छपाई गुळगुळीत होईल. माहिती तेवढीच राहील. उलट बघणाऱ्याची फसगत वाढेल, कारण बारीक खण पाहिले की माणसाला वाटते, इथे कोणीतरी जाऊन आले आहे.

आता उंचीकडे वळतो, कारण या शहरात चामुंडीचा डोंगर डोळ्यांसमोर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची हजार मीटरच्या वर, शहर साडेसातशेच्या थोडे पुढे. उपग्रहावरून उंची काढणारे उपकरण घेऊन वर गेलात आणि त्यातली दुरुस्ती बंद ठेवलीत, तर ते चामुंडीला ऐंशी-नव्वद मीटरनी बुटके करेल. उपकरण खोटे बोलत नाही. ते पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत गोळ्यापासून उंची मोजते. समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली असते, आणि दक्षिण भारताच्या खाली हिंदी महासागरात ती जगात सर्वांत खोल, शंभर मीटरहून जास्त दबलेली आहे. त्या खड्ड्याची कड म्हैसूरपर्यंत येते. ड्रोनने काढलेली उंची पहिल्या मोजमापातली, अमेरिकी अंतराळयान एंडेव्हरने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने काढलेली प्रसिद्ध उंची दुसऱ्या. दोन्ही एका ग्रिडमध्ये जोडली तर सांध्यावर नव्वद मीटरचा कडा उभा राहतो. इतका मोठा कडा निदान दिसतो तरी. आडव्या दिशेतली चूक लपून बसते. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या १८३० च्या गोळ्यावर बेतलेले, आजचे जीपीएस वेगळ्या गोळ्यावर. रूपांतर न करता जुन्या नकाशावरची विहीर नव्या ग्रिडवर ठेवली तर ती शंभर मीटरहून अधिक सरकते. विहीर शेजाऱ्याच्या बांधापलीकडे जायला एवढे पुरते.

त्या रडारचीही एक गंमत आहे. त्याला झाडांचे शेंडे दिसतात, खालची जमीन पूर्ण दिसत नाही. कोडगूत कॉफी उंच झाडांच्या सावलीत वाढते. नागरहोळेत दाट रान. तिथल्या उंचीच्या ग्रिडमध्ये डोंगरावर झाडे मिसळलेली आहेत. रान तोडले तर ‘डोंगर’ खचलेला दिसेल, आणि दरडींचा धोका काढणाऱ्या अभ्यासात उतार झाडांच्या शेंड्यांचा वापरला जाईल.

नकाशाच्या प्रक्षेपणातही असे सांधे आहेत. जगाचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडतात. म्हैसूर, बंगळूर, पुणे त्रेचाळिसाव्या पट्ट्यात. ७८ व्या रेखावृत्ताला चव्वेचाळिसावा सुरू होतो. विदर्भात अमरावती एका पट्ट्यात, वर्धा दुसऱ्यात. विदर्भाचे एक ग्रिड करायला बसलेल्या माणसाला ही रेषा हटकून आडवी येते. लॅम्बटनच्या त्रिकोणांची दक्षिणोत्तर माळ, जिला ‘महान कमान’ म्हणतात, याच ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेली, आणि तो स्वतः २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. म्हैसूरच्या लढाईत ताऱ्यांकडे पाहणारा माणूस मराठी मुलखात मातीआड झाला, हे पुष्कळ मराठी भूगोलवाल्यांनाही ठाऊक नसते.

आता ज्या उदाहरणात पैसा, पाणी आणि राजकारण तिन्ही आहेत तिथे येतो. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण. इथला प्रत्येक माणूस पावसाळ्यात पेपर उघडून एकच आकडा पाहतो, पातळी १२४.८० फुटांना टेकली का? जुन्या तक्त्यात त्या पातळीला साठा ४९.४५ टीएमसी. पातळी आपण मोजतो. साठा मोजत नाही. तो तक्त्यावरून येतो, आणि तक्ता येतो जलाशयाच्या तळाच्या ग्रिडवरून. काम १९११ मध्ये सुरू झालेल्या धरणात इतक्या वर्षांत गाळ साठला आहे, म्हणून तळ पुन्हा मोजावा लागतो.

तो कसा मोजतात? बोट एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाते, ध्वनीने खोली मोजत. मग काहीशे मीटर सरकून परत. म्हणजे बोटीच्या वाटेवर दर काही मीटरला एक आकडा आणि दोन वाटांच्या मध्ये काहीच नाही. आता सॉफ्टवेअरला सांगितले, ‘सगळ्यात जवळचे बारा बिंदू घे’, तर ते बाराही बिंदू एकाच वाटेवरचे उचलते. दुसऱ्या वाटेला ते विचारतच नाही. परिणामी तळावर, पत्र्याच्या छपरावर असाव्यात तशा, बोटीच्या वाटांना समांतर लाटा उमटतात. कावेरीचे जुने पात्र, जे तळातून वळणे घेत जाते, ते तुटून खड्ड्यांची माळ होते. उपाय ठरलेला आहे: खणाभोवती चार दिशांचे भाग करून प्रत्येक भागातून काही बिंदू घ्यायला लावायचे, वाटेवरची अनावश्यक गर्दी विरळ करायची, जुन्या टोपोशीटवरून, पाणी भरण्यापूर्वीचे नदीचे पात्र आखून लंबवर्तुळ त्या दिशेने वळवायचे, पूर्ण भरलेल्या जलाशयाची काठरेषा शून्य खोलीची म्हणून द्यायची. आणि मोजणी आठवडाभर चालली, दरम्यान कालव्यांना पाणी सोडले, पातळी उतरली, तर प्रत्येक दिवसाची खोली त्या दिवसाच्या पातळीवरून दुरुस्त करायची. हे विसरले की सोमवारची वाट आणि शनिवारची वाट यांत एक पायरी दिसते.

थोडा हिशेब करू. भरलेल्या कृष्णराजसागराचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. तळाच्या ग्रिडमध्ये सगळीकडे फक्त दहा सेंटिमीटरची एकतर्फी चूक असली तर साठ्यात १.३ कोटी घनमीटरचा फरक पडतो. टीएमसीत सांगायचे तर जवळजवळ अर्धा. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात तमिळनाडूला द्यायचे पाणी १९२ वरून १७७.२५ टीएमसीवर आणले. त्या पावणेपंधरा टीएमसीसाठी किती वर्षे, किती वकील आणि किती बंद झाले ते तुम्ही जाणता. ज्या नदीवर दशांशाच्या पुढचे आकडे भांडणात येतात, तिच्या धरणाच्या तळाचे ग्रिड मूळ निवडी तशाच ठेवून, ‘ओके’ दाबून करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

याहून अवघड मुद्दा पुढे आहे. नवे सर्वेक्षण झाले, क्षमता कमी निघाली, की आपण म्हणतो एवढा गाळ साठला. पण जुना तक्ता कागदावरच्या आडव्या छेदांवरून, हाताने हिशेब करून झालेला आणि नवा ग्रिडवरून. दोन्हींतल्या फरकात गाळ किती आणि पद्धत किती? हे वेगळे काढायचे तर जुने छेद पुन्हा संगणकात घालून, नव्याच पद्धतीने, नव्याच खणांत त्यांचे ग्रिड करावे लागते, आणि मग वजाबाकी. कंटाळवाणे काम आहे. त्याला निविदेत ओळ नसते. नाशिकची मेरी ही संशोधन संस्था किंवा खडकवासल्याची केंद्रीय जल संशोधन संस्था, जिथे आयुष्यभर धरणे आणि पाणी यांचाच अभ्यास चालतो, तिथल्या जाणकारांना हे नवे नाही. नवे आहे ते निविदा काढणाऱ्यांना.

म्हणून पुन्हा पडताळ्याच्या बेसलाइनकडे. बंगळूरला साखळीने जे झाले ते आज पुष्कळ नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाचे काम आहे. शंभरातला एक बिंदू लपवायचा, उरलेल्या नव्व्याण्णवांवरून त्याचा अंदाज काढायचा, खऱ्याशी ताडायचा, मग पुढचा लपवायचा. शंभर फरक मिळतात. त्यांची सरासरी शून्याजवळ आली म्हणून लगेच खूश व्हायचे नाही. हे शंभर फरक नकाशावर मांडायचे. घाटाकडचे सगळे उणे आणि मैदानातले सगळे अधिक निघाले, तर सरासरी शून्यही येऊ शकेल, पण पद्धत घाट ओळखत नाही हे उघडे पडेल. केंद्रे गठ्ठ्याने असतील तर एकेक न लपवता गठ्ठाच लपवायचा. नाहीतर शेजारचे केंद्र उत्तर पुरवते आणि परीक्षा फुकट जाते.

कर्नाटकाला ही परीक्षा घेण्याची सोय देशातल्या पुष्कळ राज्यांपेक्षा जास्त आहे. राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक नेले आहेत. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पात महसूल मंडळाला एक केंद्र आहे, आणि पीक विम्याच्या वेळी शेतकरी विचारतो, की पाऊस मंडळाच्या गावी पडला, माझ्या शिवारात नाही, त्याचे काय? त्याचा प्रश्न ग्रिडिंगचाच आहे. फक्त त्याला तो नुकसानभरपाईच्या भाषेत विचारावा लागतो.

इथल्या महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या, गणिताच्या विद्यार्थ्यांना मी एक काम सुचवतो. हुणसूर, पिरियापट्टण आणि हेग्गडदेवनकोटे हे तीन तालुके घ्या. फक्त तालुक्याच्या गावांचे पावसाचे आकडे वापरून एका मोसमाचे ग्रिड करा. ग्रामपंचायतींचे आकडे बाजूला ठेवा, बघूही नका. मग ते उघडा आणि प्रत्येक ठिकाणचा फरक कागदावर उतरवा, पश्चिमेकडून पूर्वेकडे. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, क्यूजीआयएस फुकट मिळते. फरक शंभर मिलिमीटरच्या आत राहिले तर मैदानापुरती ती तालुक्याची केंद्रे पुरेशी आहेत असे लिहा. नागरहोळेच्या कडेला ते तीनशे-चारशेवर गेले तर नवे पर्जन्यमापक कोणत्या पंचायतींत आधी बसवावेत, याची यादी तुमच्या हातात आलेली असेल. ती यादी जिल्हा पंचायतीच्या कचेरीत नेऊन द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.